बैलाच्या चालीचा गिअर

क्लच जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की लवकर जात नाही. गाडी दुरुस्त होते, पाऊस उघडतो, सोयाबीन सोंगून घरात येते. तरी एखाद्या दमट सकाळी सीटच्या कापडातून तो जळका वास येतो आणि तो दिवस पुन्हा समोर उभा राहतो.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता तो. माझी बहीण धारणी तालुक्यात राहते, भाऊजी तिथल्या शाळेत शिक्षक आहेत. नातवासाठी बाबांनी गावच्या सुताराकडून लाकडाचा बैल करून घेतला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायांना चाके. तो मांडीवर घेऊन बाबा माझ्या जिप्सीतून दर्यापूरकडच्या आमच्या गावाहून निघाले, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत. डांबरी रस्ता संपून बहिणीच्या गावची वाट लागेपर्यंत सगळे ठीक होते. गावाअलीकडे एक नाला आहे. पाणी गुडघाभरही नव्हते. उतरण बरी होती, पण पलीकडची चढण म्हणजे नुसते गोटे, माणसाच्या डोक्याएवढे, पावसाने माती धुऊन नेलेले.

बाबांच्या मणक्याचा त्रास जुना आहे. डॉक्टरांनी हिसके टाळायला सांगितलेले. म्हणून मला ती चढण सावकाश चढायची होती आणि नेमके तेच गाडीला जमेना. पुढच्या चाकांनाही जोर मिळावा म्हणून त्यांची हब लॉक केली, चारही चाकांचा लो, म्हणजे सगळ्यात संथ चालीची जोडणी, टाकला, पहिला गिअर. ॲक्सिलरेटर कमी ठेवला की इंजिन दम सोडायचे, वाढवला की गाडी उसळून पुढच्या गोट्यावर आदळायची. बाबा एका हाताने वरचा दांडा आणि दुसऱ्या हाताने तो लाकडी बैल धरून बसले होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी क्लच अर्धा दाबून गाडी रेटायला लागलो. पहिल्यांदा मागे आली, दुसऱ्यांदा मागे आली. तिसऱ्यांदा इंजिन ओरडत राहिले, गाडी जागची हलली नाही, आणि तो वास आला.

गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर आणला आणि आम्हाला टोचन करून वर काढले. बाबा दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री ओसरीवर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "बैल पाय टाकायच्या आंधी जागा पाह्यते. तुई गाडी पाहूच देत नाई."

त्या एका वाक्यापायी मी पुढचे चार महिने वही घेऊन बसलो.

माझी जिप्सी २००३ ची आहे, दुसऱ्या हाताने घेतलेली. मारुतीने ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये आणली तेव्हा तिच्यात हजार सीसीच्या आतले इंजिन होते, माझीत १.३ लिटरचे, ८० अश्वशक्तीचे. हलकी गाडी, एक टनाच्या आसपास. स्प्रिंगचे पाटे कडक, पण कुठेही शिरणारी. ताडोबात, मेळघाटात पर्यटकांना फिरवून हिने विदर्भात नाव कमावले, पण मी ती घेतली ती पांदणीसाठी. आमचे वावर गावापासून अडीच किलोमीटर आणि मधली पांदण खारपाणपट्ट्यातल्या काळ्याशार जमिनीतून जाते. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की हात जाईल एवढी भेगाळते. पावसाळ्यात तिथे मोटरसायकल चालत नाही आणि बंडी जुंपायला आता घरी बैल नाहीत.

ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हाय-लो समजावून सांगावे लागत नाही. जिप्सीतही तसेच आहे. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एक दुसरा, छोटा गिअरबॉक्स असतो. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणे आणि गरज पडली की चाल आणखी उतरवणे, ही त्याची दोन कामे. रोजच्या चालीचा तो हाय, उतरवलेल्या चालीचा तो लो. यालाच ट्रान्सफर केस म्हणतात. बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्सला चिकटलेला असतो. जिप्सीत मात्र तो वेगळा, चासीला तीन रबरी आधारांवर टांगलेला, मध्ये एक आखूड शाफ्ट. म्हणजे मुख्य गिअरबॉक्सला हात न लावता तो एकटा खाली उतरवता येतो आणि आतले गिअर बदलता येतात. माझ्यासारख्या माणसाला एवढा मोठा दरवाजा दुसऱ्या गाडीत उघडा मिळाला नसता.

आता वही. गाडीचा पहिला गिअर ३.६५२ चा. ट्रान्सफर केसचा लो २.२६८ चा. ॲक्सलमधले दात मी स्वतः मोजले, क्राऊनला, म्हणजे मोठ्या चक्राला, ४३ आणि पिनियनला, म्हणजे छोट्याला, ११, म्हणजे ३.९०९. तिघांचा गुणाकार ३२.४. इंजिन ३२.४ वेळा फिरले की चाक एकदा फिरते. माझ्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते गुरगुरत ठेवले तर गाडी ताशी ३.३ किलोमीटरने चालेल.

तिथे मी पेन खाली ठेवला होता. रिकामी बंडी ओढणारा बैल साधारण याच चालीने चालतो, वखराला जुंपलेला त्याहून थोडा हळू. म्हणजे गाडी कागदावर बैलाच्या चालीची होती. मग नाल्यात काय बिनसले?

उत्तर त्याच वहीत दोन ओळी खाली निघाले. या इंजिनाचा पूर्ण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), १०३ न्यूटन-मीटर, पण तो मिळतो ४५०० फेऱ्यांना. हा पीळ ३२.४ ने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागला, तर चाकाखाली जवळपास एक टनाचा रेटा निघतो, गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढा. कोणतीही चढण चढायला तो पुरेसा आहे. फक्त ४५०० फेऱ्यांना पहिल्या लोमध्ये गाडी ताशी १८ किलोमीटरने धावत असते. डोक्याएवढ्या गोट्यांवर ताशी अठरा! हळू जावे तर फेऱ्या उतरतात, फेऱ्या उतरल्या की पीळ उतरतो, आणि मधली दरी भरून काढायला माणूस क्लच घासतो. मी तेच केले होते. गाडीत जोर होता, पण तो जोर सावकाश वापरायची सोय नव्हती.

हे कळल्यावर माझा शोधच बदलला. तोवर मी जास्त ताकद शोधत होतो, इंजिन बदलायचा विचारही मनात येऊन गेला होता. आता मला हळूपणा हवा होता.

गावात पूर्वी एका बड्या कास्तकाराकडे महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप होती. बाबा तिचे नाव अजून काढतात, "ते गाडी कधी घाई करत नोती." तिचाही हिशेब मांडून पाहिला. पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, ॲक्सल ५.३८. गुणाकार ३७. तीनच गिअरची गाडी, पण खालच्या फेऱ्यांना जोर देणारे इंजिन आणि ॲक्सलमध्येच एवढी उतरण. बाबांच्या आठवणीतला तो संथपणा आकड्यांत तसाच्या तसा सापडला तेव्हा मला फार आनंद झाला. आताच्या थारचा लो २.४८ आहे, जिम्नीचा २ च्या आसपास. आणि जीप कंपनीने खडकांवर चढण्यासाठी म्हणून २००३ पासून जी रुबिकॉन काढली, तिच्यात कारखान्यातूनच ४ चा लो दिला. हा ४ चा आकडा मी वहीत गोल करून ठेवला.

पर्याय असे होते. सगळ्यात स्वस्त म्हणजे हजार सीसीच्या जुन्या जिप्सीचा ट्रान्सफर केस भंगारातून आणून बसवणे. त्याचा हाय १.५८ आणि लो २.५११, म्हणजे माझ्यापेक्षा अकरा टक्क्यांच्या आसपास उतरता. पण अकरा टक्क्यांनी नाला चढला नसता. दुसरा पर्याय ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलणे. ते पुढे-मागे दोन्हीकडे सारखेच बदलावे लागते आणि त्याने सगळेच गिअर खाली येतात, लोपुरता फरक पडत नाही. तिसरा पर्याय ट्रान्सफर केसच्या आतले गिअरच बदलण्याचा. जिप्सी मुळात सुझुकीची. जगभर या गाडीचे वेड असलेली माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी ४.१६, ४.९, ६.५ अशा लोच्या मापांचे संच बनतात.

६.५ चा आकडा पाहून मला मोह झाला, हे कबूल करतो. गुणाकार जवळजवळ ९३ वर जातो. इंजिन गुरगुरत असताना ताशी १.१ किलोमीटर, रांगणारे मूल पुढे निघून जाईल. वाटले, बाबांच्या पाठीला याहून चांगले काय असणार?

परतवाड्याच्या मिस्त्रींनी मला थांबवले. चाळीस वर्षे जीपा उघडलेला माणूस. वही त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ती उलटी करून बाजूला ठेवली. म्हणाले, "भाऊ, गिअर तं तुमी टाकसान. पण तो जोर जाईन कुठी?"

मग त्यांनी गाडीखाली झोपून बोट लावून मला तो जोर कुठून कुठे जातो ते दाखवले. ट्रान्सफर केसचे रबरी आधार, ते आधी फाटतात. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. क्राऊन-पिनियन. ॲक्सल. आणि शेवटी पुढच्या चाकातला जॉइंट, जो स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना सगळ्यात कमजोर असतो. घरी येऊन पुन्हा गणित केले. ६.५ ला इंजिनाचा पूर्ण पीळ लावला तर चाकाखालचा रेटा कागदावर पावणेतीन टनांवर जातो. गाडी एक टनाची. टायर एवढा रेटा जमिनीला देऊच शकत नाही, त्याआधी चाक सरकेल. पण चाक दोन दगडांत अडकले आणि सरकायला जागा नसली, तर तो उरलेला जोर कुठेतरी जाणार. मिस्त्रींचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर लोखंड तुटणे हे होते.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती माझ्याच मातीबद्दल होती, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. दगडावर हळू चालते. गाऱ्यात, म्हणजे चिखलात, हळू चालून भागत नाही. आपली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत गोल होतो, दगडी वरवंट्यासारखा. चाक थोडे जोरात फिरले तरच ती माती फेकली जाते आणि खाचा पुन्हा धरायला लागतात. गिअर फार उतरता असला तर चाक फिरून फिरून किती फिरणार? ६.५ ला पहिल्या गिअरमध्ये ४५०० फेऱ्यांनाही ताशी साडेसहा किलोमीटरच. गाऱ्यातून जाताना तिसऱ्या-चौथ्यात जावे लागेल, आणि मध्येच फसायला लागल्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी तिथेच बसते. चिखलात गिअर बदलणे म्हणजे गाडी गमावणे, हे पांदणीत वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

म्हणजे माझ्या घरच्या दोन वाटा दोन उलट गोष्टी मागत होत्या. बहिणीच्या नाल्याला संथ चाल हवी, वावराच्या पांदणीला फिरते चाक.

४.१६ वर मी थांबलो ते एका छोट्या गुणाकारामुळे. दुसरा गिअर १.९४७ चा. त्याला ४.१६ ने आणि ३.९०९ ने गुणले तर ३१.७ येतात. माझा जुना पहिला लो ३२.४ चा होता. म्हणजे नव्या संचातला दुसरा गिअर हा जवळपास जुना पहिलाच. पांदणीत ज्या चालीची मला आणि गाडीला सवय होती त्यातले फार काही जाणार नव्हते, फक्त हात एका घराने पुढे सरकणार होता. आणि सगळ्यांच्या खाली एक नवीनच गिअर मिळणार होता, ५९.४ चा, गुरगुरत्या इंजिनावर ताशी १.८ किलोमीटर चालणारा. पहिला नाल्यासाठी, दुसरा-तिसरा गाऱ्यासाठी. ४.९ चाही विचार केला, पण त्यात दुसरा गिअर जुन्या पहिल्यापेक्षा उतरता होतो आणि ही जुळणी मोडते. कुणाच्या घरची वाट नुसती दगडाची असेल तर त्याने ४.९ घ्यावा, मला त्याचे म्हणणे पटेल. माझ्या अंगणापासून काळी माती सुरू होते.

एक किंमत मोजावी लागली. या संचात हायही साधारण बारा टक्के खाली येतो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन ३३०० फेऱ्या घ्यायचे, ते आता ३७०० घेते. अमरावतीला बाबांना दवाखान्यात नेताना हे कानाला कळते. मोठे टायर टाकून ते भरून काढता आले असते आणि पुष्कळ जण तसेच करतात. मी टायर आहे त्या मापाचेच ठेवले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या गाडीच्या रूपात मनमानी बदल करू देत नाही, आणि मोठा टायर हा पुढच्या जॉइंटवर आणखी ओझे टाकतो, हे मिस्त्रींचे बोट मला अजून दिसते.

दोन एकरांतल्या कापसाचे पैसे त्या गिअरच्या खोक्याला लागले. एवढा खर्च कशाला, असे घरात कुणीच विचारले नाही.

काम दोन दिवस चालले. तिन्ही शाफ्ट सोडवले, दांडे काढले, स्पीडोमीटरची केबल काढली. ही केबल ट्रान्सफर केसच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर चालते, म्हणून आतले गिअर बदलले तरी काटा बरोबरच राहतो. केस उघडून मिस्त्रींनी जुने गिअर रॉकेलने धुऊन पोत्यावर मांडले. वीस वर्षे चाललेल्या दातांवर एकसारखी चकाकी होती. नवे बेअरिंग, नवे सील, तिन्ही आधारांची रबरे नवी आणि त्यांच्या हट्टाखातर चासीला एक चौथा आधार. ऑइल लागले पाऊण लिटरच्या वर थोडे. पाचशे किलोमीटरनंतर ते बदलून घ्यायचे, त्यात लोखंडाची भुकटी दिसेल, घाबरायचे नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. भुकटी दिसली. मी घाबरलो नाही.

डिसेंबरात पुन्हा बहिणीकडे गेलो. नाला कोरडा होता, गोटे तेच. खाली उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा लागला नाही, इंजिनानेच गाडी धरून ठेवली. चढणीला पहिला लो टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि पाय बाजूला घेतला. गाडी थांबल्यासारखीच चालायला लागली. पुढचे डावे चाक गोट्याला टेकले, क्षणभर तिथेच राहिले, मग अंग उचलल्यासारखे वर गेले आणि पलीकडे अलगद उतरले. मग उजवे. प्रत्येक चाक कुठे पडणार ते मला आधी दिसत होते आणि नको असेल तर स्टिअरिंग वळवायला वेळ होता. बाबांनी वरचा दांडा धरला होता. अर्ध्या चढणीवर त्यांनी तो सोडला.

पांदणीत आता पावसाळ्यातल्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळल्या आहेत. हा काळ पाठीला चिखलापेक्षा वाईट. गेल्या आठवड्यात सकाळी बाबांना वावरात नेले. कापसाची दुसरी वेचणी सुरू होती, आणि दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांवरून तूर पांदणीत वाकलेली, शेंगांनी लदलेली. पहिल्या लोमध्ये गाडी सोडून दिली. चाकोरीच्या काठावर चाक चढायचे, कलायचे, उतरायचे. आमच्या पुढे जुना सालदार डोक्यावर घमेले घेऊन चालत होता, त्याच्यात आणि आमच्यात अंतर वाढतच गेले.

बाबांनी खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढला. चालत्या गाडीतून त्यांनी तुरीची एक शेंग तोडली. मग दुसरी, तिसरी. बंडीवर बसून ते असेच करायचे, मी मागे पेंडीवर बसलेलो असायचो. ओंजळभर शेंगा झाल्यावर त्यांनी सोलायला सुरुवात केली आणि हिरवे दाणे माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "दाना भरला रे. आठ दिवसांत पिवळा पडते."